पांझरेकाठच्या रांगेतली शेवटची जागा

आधीच सांगते, असले अनुभव लिहिणाऱ्यांची मी आजवर टरच उडवत आले. ऑफिसात कोणी म्हटलं की काल जिन्यात सावली दिसली, तर "चष्म्याचा नंबर तपासून घे" असं तोंडावर सांगणारी मी. रस्त्यात उतरवून टाकलेलं लिंबू दिसलं तर मुद्दाम त्याच्यावरून जाणारी. ह्या धाग्यावरचे तुमचे अनुभवही कितीतरी दिवस नुसते वाचले आणि मनातल्या मनात हसले. आता हसा तुम्ही. पण जे घडलं ते लिहिल्याशिवाय माझ्या पोटातली आग शांत व्हायची नाही... आणि ही आग त्या 'अमानवीय' गोष्टीमुळे लागलेली नाही. ती लागली माणसांमुळे. हे पुढे कळेलच.

मी मूळ जळगावची. सरकारी नोकरी. बदली झाली धुळ्याला. नवऱ्याचं दुकान जळगावात, मुलगा शिकायला पुण्याला, म्हणून मी एकटीच देवपुरात एक खोली घेऊन राहिले. शनिवारी दुपारची एसटी धरायची, पारोळा-एरंडोल करत घरी, आणि सोमवारी पहाटे परत. आठवड्यातले बाकीचे दिवस खायला उठायचे. ऑफिसातून आलं की भिंतीशी बोलायचं. नवरा फोनवर "जेवलीस का?" विचारायचा, मी "हो" म्हणायचे, संपलं. शेवटी वजन आणि शुगर दोन्ही वाढल्यावर डॉक्टरीणबाईंनी दम भरला. म्हणून सकाळी पळायला लागले.

धुळेकरांना जागा सांगायला नको, पण बाकीच्यांसाठी सांगते. देवपुरात एकवीरादेवीच्या मंदिराकडून खाली उतरलं की पांझरा नदीच्या काठाने चांगला रुंद रस्ता केलाय. एका बाजूला नदीकडची कमरेएवढी भिंत, दुसऱ्या बाजूला झाडं आणि घरं. मोठ्या पुलाच्या दिशेला जायचं आणि वळून परत यायचं. नदी म्हणायचं खरं, पण वर्षातले बरेच महिने मधोमध एक काळपट धार आणि बाकी सगळे दगड, वेडी बाभूळ. धरणातून पाणी सोडलं की मात्र अख्खं धुळं पुलावर बघायला जमतं. पहाटे तिथे भरतीची तयारी करणारी पोरं, निवृत्त मंडळी, कुत्री, सगळी वर्दळ असते. निर्जन-बिर्जन अजिबात नाही, हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी मागून हाक आली. "अवं माय, ह्या चप्पलवर कोठे पळी ऱ्हायनी? गुडघा फुटी जाई तुना!"

वळून बघते तर साठीच्या एक बाई. पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला घट्ट, पायात झकास स्पोर्ट शूज. ह्या अक्का. त्यांच्यामागे सहा-सात बायका, सगळ्या दात काढून हसत होत्या. मी सँडलवर पळत होते हे खरंच होतं. मी फटकळ, म्हटलं, "गुडघा माझा आहे, फुटू द्या." तर अक्का अशा खळखळून हसल्या, की मलाही हसू आलं. दुसऱ्या दिवशी त्या मला धरून बाजारात घेऊन गेल्या, बूट निवडून दिले आणि दुकानदाराला माझ्यासमोर झापलं. असं माझं त्यांच्यात जमलं.

त्यांचं पळणं जोडी-जोडीने. दोघी पुढे, त्यांच्यामागे दोघी, अशी रांग. मी गेले तेव्हा सगळ्यांना जोडीदारीण होती, मी एकटी उरले. अक्का म्हणाल्या, "नवी बाई मांगे ऱ्हास. तुझ्या वेगाने ये. पुढे राहिलीस तर दम लागेल आणि लाज वाटेल." पटलं मला. उलट वाटलं, किती विचार करतात! माझी जोडीदारीण म्हणून शैला नावाची एक मास्तरीण नाममात्र ठरली, पण ती अक्कांच्या बरोबरीने सगळ्यात पुढे पळायची. मागे मी, एकटी.

पहिल्याच आठवड्यात ते जाणवलं.

पहाटेचा उजेड फुटत होता. पुढच्या बायका वळणावर गेलेल्या. आणि माझ्या डाव्या बाजूला, जरा मागे, कोणीतरी पळत होतं. बुटांचा आवाज. माझ्या पावलाला पाऊल लावून नाही बरं का... थोडं उशिरा, थोडं जड, उजवा पाय किंचित घासत. आणि बांगड्या. काचेच्या बांगड्या कोपराकडे सरकवल्या तरी पळताना घसरून मनगटावर येतात ना, तसा बारीक आवाज, परत वर सरकवल्याचा, परत घसरल्याचा. माझ्या हातात फक्त घड्याळ. मी वळले. कोणी नाही. रस्ता मोकळा, भिंतीवर एक कुत्रं झोपलेलं. मी थांबले तेव्हा तो आवाजही थांबला, पण माझ्यानंतर एक पाऊल टाकून.

मी काही लगेच किंचाळले-बिंचाळले नाही. माझं डोकं हिशोबी. किल्ल्या शेजारी ठेवून गेले. मोबाइल खिशातून काढला. एक दिवस मुद्दाम जुने सँडल घालून पळाले आणि अक्कांची बोलणी खाल्ली. सँडलवर माझा आवाज बदलला, त्या पावलांचा बदलला नाही. शैलाला विचारलं तर म्हणाली, "भिंतीमुळे घुमतो गं आवाज." मी म्हटलं, "भिंतीच्या हातात बांगड्या आहेत का?" ती एकदम बूट बांधायला खाली वाकली. तेव्हा मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

तुम्ही म्हणाल, मग सोडलं का नाही? खरं सांगू? भीती वाटली ती दोन-चार दिवस. नंतर सवय झाली. आणि नंतर... आता हसू नका... बरं वाटायला लागलं. दिवसभर माझ्या बाजूला कोण असायचं? सकाळी तेवढा वेळ कोणीतरी असायचं. मी दमून चालायला लागले की तेही चालायचं. एकदा मी वैतागून म्हटलंही, "बाई, बांगड्या काढून येत जा, कान किटले." दुसऱ्या दिवशी बांगड्यांचा आवाज जरा कमी वाटला. माझ्या मनाचे खेळ असतील. मला तेव्हा तसंच वाटायचं, मनाचे खेळ.

आणि ह्या बायका! त्यांनी तर मला जीव लावला. ताप आला तर घरात डबे येऊन पडले, कोणाची मुगाची खिचडी, कोणाची ज्वारी-उडदाची, कळण्याची भाकरी. नदीकाठावरून पळून आलं की टपरीवर चहा, आणि चहावर अशा गप्पा, की ऑफिसला उशीर व्हायचा. श्रावणात अक्कांकडे कानबाई बसली. खानदेशाबाहेरच्यांना सांगते, कानबाई देवीच्या नैवेद्याचा रोट हा घरच्यांनीच खायचा असतो. दारात कोणी आलं तरी त्याला देत नाहीत, भाऊबंदांतच संपवतात. अक्कांनी मला ताटावर बसवलं आणि माझ्या हातावर रोट ठेवला. त्यांच्या सुनेने डोळे मोठे केले, तर तिला म्हणाल्या, "घरनीच शे ती." मी खोलीवर येऊन रडले हो. बदलीच्या गावात कोणी 'घरचीच आहे' असं म्हणतं का? नवऱ्याला फोन करून सांगितलं, "मला इथे माहेर मिळालं."

दिवाळी झाली, थंडी पडली. एका सकाळी खडीवरून माझा पाय मुरगळला आणि मी धाडकन आडवी झाले. पुढच्यांना पत्ताच नाही, त्या लांब गेल्या होत्या. डोळ्यांपुढे काजवे चमकले. आणि ती पावलं माझ्यापाशी येऊन थांबली. बांगड्यांचा आवाज पहिल्यांदा इतका जवळून आला, कानाशी, कोणी वाकल्यावर येतो तसा. मग माझ्या कोपराखाली हात लागला. देवाशपथ सांगते. हाताची बोटं गार होती, पण पकड घट्ट, कामाच्या बाईची. त्या हाताच्या आधाराने मी उठले. उठून बघते तर बाजूला कोणी नाही. मी भिंतीला धरत लंगडत टपरीपर्यंत आले. ती पावलं टपरीच्या अलीकडे थांबली, नेहमी थांबायची तिथेच.

टपरीवर मी धापा टाकत सांगितलं, "पडले मी. कोणीतरी उठवलं मला." शैला पटकन बोलून गेली, "नलू काही बोलली का गं तुझ्याशी?"

"कोण नलू?"

एक जण उठून पैसे द्यायला गेली. अक्कांनी ग्लास माझ्या हातात दिला. "चहा पे पहिले. पाय दाखव." आणि माझा पाय मांडीवर घेऊन त्या चोळत बसल्या. मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण पाय चोळणाऱ्या माणसावर कोण संशय घेतं?

संक्रांतीनंतर एक नवीन मुलगी आली. पूर्वा. नवीन लग्न झालेलं, नाशिकची, नवरा इथे कारखान्यात. कानात ते बिनवायरचे इयरफोन, हातात पावलं मोजणारं घड्याळ. बिचारी माझ्यासारखीच, ओळख ना पाळख. अक्कांनी तिला तेच वाक्य ऐकवलं, "नवी बाई मांगे ऱ्हास." आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "आते तू पुढे ये. सुटनी तू."

सुटलीस? कशातून सुटले मी?

त्या दिवशी मी शैलाच्या बाजूला, रांगेच्या पुढे पळाले. माझ्या डावीकडे फक्त शैला. मी तिचा पिच्छा सोडला नाही. शेवटी पुलाजवळ थांबून, अक्का लांब आहेत असं बघून, तिने सांगितलं.

नलूताई ह्याच ग्रुपमधली. सगळ्यांत हळू पळणारी, उजव्या पायाने अधू, हातात भरगच्च बांगड्या. तेव्हा ह्यांचा एक नियम होता. सगळ्यात पुढे पळणारी जी असेल तिने शेवटी उलटं वळायचं आणि सगळ्यात मागच्या बाईला बरोबर घेऊन यायचं. मग सगळ्यांनी मिळून चहा. नियम कधी मोडला नाही. फक्त एकदा मोडला. त्या दिवशी नळाला पाणी यायचं होतं.

धुळ्यात राहिलेल्यांना ह्यापुढे काही सांगायला नको. आठ-आठ दिवसांनी नळ येतो तेव्हा घरात मयत असली तरी आधी हंडे भरले जातात, असं इथे चेष्टेत म्हणतात. कोणाचा तरी फोन आला, "पाणी सुटलं." आणि ह्या सगळ्या तिथूनच घराकडे पळाल्या. नलू मागे आहे, येईल तिची ती मागाहून, असं प्रत्येकीला वाटलं. ती भिंतीला टेकून बसली होती. छातीत कळ आलेली. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बाई दम खात बसलीय. बराच वेळ कोणी थांबलं नाही. घरी तिचा नळ चालू होता, टाकी भरून पाणी रस्त्यावर वाहत होतं, त्यावरून शेजारीण ओरडली तेव्हा शोधाशोध झाली. तोवर सगळं संपलं होतं.

"त्यानंतर जी मागे राहील तिच्यासोबत ती यायची," शैला म्हणाली. "आम्ही पाळीपाळीने मागे राहून बघितलं. नाही झालं गं सहन. तिच्यासोबत एवढी वर्षं पळालो होतो ना आम्ही. पळणंच सोडलं, नुसतं घोळक्याने चालायचो. मग एक दिवस तू दिसलीस, एकटी पळताना. अक्का म्हणाल्या, हिला काय माहीत नलू कोण ते. हिला घ्या."

हिला घ्या!

मी शैलाला विचारलं, "आणि तो रोट?" ती वळून टपरीकडे चालायला लागली.

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. टपरीवर गेले आणि सगळ्यांसमोर अक्कांना विचारलं, "मला बूट घेऊन दिलेत, घरचं ताट दिलंत, ते सगळं मी मागे पळत राहावं म्हणून? तुमचं पाप माझ्या पाठीला बांधलंत आणि वर मला घरची म्हणालात? निदान कानबाईला तरी मध्ये आणायचं नव्हतं!"

अक्कांचे डोळे भरले, पण नजर खाली गेली नाही. "आम्हले भ्याव वाटे वं माय. तू एकली व्हती, ती बी एकली. दोन्हींचं भलं झालं. तुले काय त्रास झाला, सांग?"

काय त्रास झाला! ह्यांना कसं सांगायचं, की त्रास पावलांचा नाही, तुमचा झाला? मी तिथल्या तिथे पूर्वाकडे वळले. म्हटलं, "बाळा, ह्या तुला मागे का ठेवताहेत ते ऐक." आणि सगळं सांगितलं, नलूताईंचं नाव घेऊन. तिने एका कानातला इयरफोन काढला, शांतपणे ऐकून घेतलं आणि अक्कांकडे बघून बारीक हसली. "अक्का म्हणाल्या होत्या मला, की ताई असं काहीतरी बोलतील. घरापासून लांब राहतात ना, म्हणून होतं त्यांना तसं. तुम्ही काळजी घ्या हं स्वतःची."

म्हणजे पोरगी यायच्या आधीच माझी वाट लावून ठेवलेली. मी वेडी. नवऱ्यापासून लांब राहणारी, भास होणारी बाई. मी बाकीच्यांच्या तोंडाकडे बघितलं. ज्यांनी माझ्या घरी डबे आणले होते त्यांच्याकडे. एकीनेही तोंड उघडलं नाही. शैलानेही नाही. मी चहा तसाच ठेवून निघाले.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण मला एक आशा होती, आणि तिची मला आता लाज वाटते. मला वाटलं, ह्या गेल्या तर गेल्या, नलूताई तर आहेत. त्यांनी मला कधी फसवलं नाही. मी पडले तेव्हा त्याच थांबल्या. मी एकटी पळायला लागले, थोडं लवकर निघून. डाव्या बाजूला जागा सोडून पळायची. काही नाही. नुसते माझेच बूट. आठवडाभर वाट बघितली. मग डोक्यात आलं, अरे, शेवटच्या बाईबरोबर येते ना ती? मग मी शेवटची होते.

त्या सकाळी मी मंदिराजवळ आडोशाला थांबले. अक्कांची रांग गेली. पाठोपाठ बरंच अंतर ठेवून पूर्वा, कानात इयरफोन. तिच्यामागून मी निघाले. माझ्यामागे रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं, मी वळून खात्री केली. त्यांच्याच हिशोबाने शेवटची बाई मी होते. नलूताईंनी माझ्याजवळ यायला हवं होतं.

पूर्वाच्या बुटाची नाडी सुटली. ती भिंतीला पाय लावून बांधायला थांबली. मीही चार पावलांवर थांबले. आणि ऐकलं. बुटांचा आवाज, उजवा पाय घासत, एक पाऊल उशिरा थांबलेला... पूर्वाच्या डाव्या बाजूला. मग बांगड्या वर सरकवल्याचा आवाज. पूर्वाच्या हातात बांगड्या नव्हत्या. मी हळूच म्हटलं, "नलूताई." आवाज झाला नाही. जरा मोठ्याने म्हटलं, "नलूताई, मी इथे आहे." पूर्वाने नाडी बांधली, इयरफोन नीट केला, आणि तिला मी आहे हेही न कळता ती पळाली. तिच्याबरोबर ती पावलंही पळाली. माझ्या बाजूने कोणी वळलंसुद्धा नाही. मी तिथे भिंतीला टेकून उभी राहिले आणि उजाडेपर्यंत मोठ्याने रडले. लोक बघून जात होते.

मी बदलीचा अर्ज केलाय. सध्या शनिवार-रविवारी जळगावात मेहरूण तलावाच्या कडेने चालते, पळत नाही. नवऱ्याला सगळं सांगितलं, तो म्हणाला, "भिंतीमुळे घुमत असेल." हसलेही नाही मी.

तुमच्यातले जाणकार म्हणतील, आत्मा अडकलेला असतो, वगैरे. असेल. मला त्यातलं काही कळत नाही, आणि त्या आवाजाचं कारण मला आजही सांगता येत नाही. अक्कांनी असं का केलं, तेवढं समजतं. जिवंत माणसं आहेत, भितात, दुसऱ्याला पुढे करून स्वतः मोकळी होतात. त्यांना मी कधी माफ करणार नाही, पण समजतं. पण नलूताईंना तर आता कोणाला भ्यायचं नव्हतं, कुठला नळ गाठायचा नव्हता. मागे राहिलेलीला सोडून जाणं म्हणजे काय, हे त्यांच्याएवढं कोणाला माहीत होतं? मग त्या मला का सोडून गेल्या?